पानिपतची तिथी आणि नमुन्याची आज्ञावली

मेकॅनोची पेटी तुमच्यापैकी काहींनी हाताळली असेल, काहींनी निदान पाहिली तरी असेल. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाके, आस, लहान लहान स्क्रू आणि नट असे सुटे भाग तिच्यात असतात. फ्रँक हॉर्नबी या इंग्रज गृहस्थांनी १९०१ साली या खेळण्याचे पेटंट घेतले. या खेळण्यातली सारी युक्ती एका साध्या नियमात आहे. कोणतीही पट्टी घेतली, तरी तिच्यावरच्या शेजारच्या दोन भोकांमधले अंतर अर्धा इंच असते. त्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येते. आज ज्या चाकाची गाडी केली, त्याच चाकाची उद्या यारी करता येते.

पेटीत आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे नमुन्यांची पुस्तिका. पूल, यारी, पवनचक्की यांची चित्रे आणि ती करण्याची रीत तिच्यात दिलेली असते. त्या यारीने खरीखुरी पोती उचलायची नसतात. मग ती पुस्तिकेत कशासाठी? कप्पीवरून दोरी कशी न्यायची, वजनाने यारी कलंडू नये म्हणून मागे भार कसा ठेवायचा, हे मुलाला समजावे म्हणून. पुस्तिकेत नुसती एका पट्टीला दुसरी पट्टी जोडून दाखवली असती, तर मुलाला पेटीचे सामर्थ्य कळले नसते. आणि आगबोटीचा प्रचंड नमुना पहिल्याच पानावर दिला असता, तर त्याने पेटी मिटून ठेवली असती. म्हणजे नमुना निवडणे हेही एक शास्त्रच आहे.

संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज येतो. तो कसा सोडवावा, हे आज आपण एका पुणेरी उदाहरणाने पाहू. त्यासाठी संगणक जवळ असलाच पाहिजे असे नाही. कागद, पेन्सिल आणि थोडे बेरीज-वजाबाकीचे ज्ञान पुरे.

घटक आणि चौकट

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतील गार्मिश या गावी सॉफ्टवेअरच्या तज्ज्ञांची एक परिषद भरली होती. तिच्यात डग्लस मॅकिलरॉय यांनी एक विचार मांडला. यंत्र बनवणारा कारखानदार प्रत्येक स्क्रू स्वतः घडवत बसत नाही. तो यादी पाहून हव्या त्या मापाचा स्क्रू मागवतो. आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही असे तयार, मापाचे भाग का मिळू नयेत? त्यांनी उदाहरण घेतले ते त्रिकोणमितीतल्या साइनचे. कोणाला साइनचे मूल्य ढोबळ चालते, कोणाला पुष्कळ दशांश स्थळांपर्यंत अचूक लागते, कोणाला ते झटपट हवे असते. तेव्हा साइन काढून देणारे निरनिराळ्या प्रतींचे भाग तयार असावेत आणि ज्याने त्याने गरजेप्रमाणे निवडावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

अशा भागाला आपण घटक म्हणू. घटक म्हणजे ठरलेले एक काम करणारा आज्ञावलीचा सुटा भाग. त्याच्या आत काय चालते याच्याशी बाहेरच्यांना कर्तव्य नसते. त्याला काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय मिळेल, एवढा करार मात्र स्पष्ट लिहिलेला असतो. असे अनेक घटक एकमेकांना जोडण्याचे जे नियम असतात, त्यांना आपण चौकट म्हणू. मेकॅनोतले अर्ध्या इंचाचे अंतर ही चौकट; पट्टी आणि चाक हे घटक.

आता समजा, तुम्ही अशी एक चौकट तयार केली आणि तिच्याबरोबर दहा-वीस घटकही दिले. दुसऱ्या कोणाला ती वापरायची आहे. नुसती नियमांची जाडजूड वही त्याच्या हाती देऊन भागत नाही. व्याकरण पाठ करून कोणी बोलायला शिकत नाही, तसेच हे आहे. चौकट वापरून केलेली एक लहानशी, पण पुरी आज्ञावली त्याला दाखवावी लागते. हीच नमुन्याची आज्ञावली.

पडद्यावरच्या नमस्काराने काय कळते?

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांनी १९७८ साली ‘सी’ या संगणकभाषेवर एक पुस्तक लिहिले. त्यातली पहिली आज्ञावली जगाला नमस्कार करणारे दोन शब्द तेवढे छापते. तेव्हापासून कोणतीही नवी संगणकभाषा शिकताना पहिल्याने हा नमस्कार करण्याची चालच पडली आहे.

ही आज्ञावली निरुपयोगी नाही. यंत्र सुरू आहे, भाषा नीट बसवली आहे, आपण लिहिलेले यंत्रापर्यंत पोचते आहे, एवढे तिने सिद्ध होते. पण घटकांच्या चौकटीबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही, कारण तिच्यात जोडण्यासारखे दोन भागच नसतात. एका विटेवरून भिंतीची परीक्षा होत नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन रेल्वेच्या आरक्षणाची संपूर्ण व्यवस्थाच नमुना म्हणून दिली, तर वाचणाऱ्याचा सारा वेळ रेल्वेचे नियम समजण्यात जाईल. चौकट बाजूलाच राहील.

तेव्हा नमुन्यासाठी काम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते काम काय आहे हे दोन-चार वाक्यांत समजावे. दुसरी, ते एका घटकाने होऊ नये. तीन-चार घटकांनी एकमेकांशी बोलावे लागावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी. त्या कामात एखादी खरी अडचण असावी, म्हणजे घटक अडतो कोठे आणि अडल्यावर वागतो कसा, हे दिसेल.

सदाशिव पेठेतले एक काम

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ ही संस्था आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली ती स्थापन केली. मोडी लिपीतील जुन्या पत्रांचा मोठा संग्रह तेथे आहे आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांच्या आधाराने संशोधन करतात. ज्या पेठेत ही संस्था आहे, तिला नाव मिळाले ते सदाशिवराव भाऊंचे. पानिपतच्या रणात पडले तेच हे भाऊ.

अशा जुन्या पत्रांची कालक्रमाने सूची करणारी एक लहान आज्ञावली आपण नमुन्यासाठी निवडू. आपली आज्ञावली आणि तिच्यातली पत्रे अर्थात कल्पनेतली आहेत; पण तिच्यापुढच्या अडचणी अगदी खऱ्या आहेत. काम सांगायला सोपे आहे: पत्रे द्यावीत, ती लिहिली गेली त्या क्रमाने मांडून मिळावीत.

या कामाचे चार घटक पाडता येतील.

पहिला पत्र-घटक. पत्रात जे लिहिले आहे ते तो जसेच्या तसे सांभाळतो. मूळ अक्षर बदलण्याचा अधिकार कोणालाही नाही, हा त्याचा नियम.

दुसरा तिथी-घटक. त्याला पत्रातली तिथी द्यायची. तो इंग्रजी तारीख आणि वार सांगतो.

तिसरा सूची-घटक. तारखा पाहून तो पत्रांचा क्रम लावतो. तिथी म्हणजे काय, हे त्याला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते.

चौथा दर्शन-घटक. लावलेला क्रम तो पडद्यावर किंवा कागदावर मांडतो.

चौघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही. करारात लिहिले असेल तेवढेच मागायचे आणि तेवढेच द्यायचे. आता हा नमुना चालवून पाहू.

दोन पत्रे, एक चूक

पहिले पत्र घेऊ. त्यावर मिती आहे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ही शिवराज्याभिषेकाची तिथी. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. १५९६ अधिक ७८ म्हणजे १६७४. बरोबर! घटक उत्तम चालतो, असे म्हणून आपण नमुना येथेच थांबवू शकलो असतो. पुष्कळ नमुने अशाच ठिकाणी थांबतात.

पण आपण दुसरे पत्र घालू. त्यावर मिती आहे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. पानिपतचा संग्राम झाला तो हा दिवस. १६८२ अधिक ७८ म्हणजे १७६०. पौष महिना जानेवारीच्या सुमाराचा, म्हणून घटकाने उत्तर दिले: जानेवारी १७६०. आणि पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी! उत्तर एका वर्षाने चुकले.

असे का झाले? शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, तर इसवी सन १ जानेवारीला. चैत्रापासून डिसेंबरअखेर दोन्ही सनांमध्ये ७८ चे अंतर असते. जानेवारी उजाडला की इसवी सन एकाने पुढे जातो, शक मात्र पाडव्यापर्यंत तोच राहतो. त्या अवधीत ७९ मिळवावे लागतात. १६८२ अधिक ७९ म्हणजे १७६१.

तुम्ही म्हणाल, एका वर्षाची चूक, तिचे एवढे काय? थोडा विचार करा. सदाशिवराव भाऊ उत्तरेच्या स्वारीसाठी परतूडहून निघाले ते मार्च १७६० मध्ये. पराभवाची बातमी देणारे पत्र आपल्या सूचीत जानेवारी १७६० खाली पडले, तर सैन्य निघण्याच्या आधीच त्याच्या पराभवाचे वर्तमान आले, असा अर्थ होईल! पानिपतची गोष्ट सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही चूक लगेच नजरेत भरते. पण एखाद्या गावच्या पाण्याच्या तंट्याचे किंवा कर्जाच्या फेडीचे पत्र असेल, तर? तेथे चूक ओळखायला कोणी नसते. आधीचे नंतर आणि नंतरचे आधी झाले की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते, आणि इतिहास उलटा वाचला जातो.

आता घटकात सुधारणा करू. चैत्र ते कार्तिक असेल तर ७८, माघ-फाल्गुन असेल तर ७९. मग मार्गशीर्ष आणि पौष? येथे खरी मेख आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे एकच तिथी दर वर्षी सुमारे ११ दिवस आधी येते आणि अधिक महिना आला की पुन्हा मागे सरते. पौष शुद्ध अष्टमी एखाद्या वर्षी जानेवारीत येते, तर एखाद्या वर्षी डिसेंबरात. म्हणून नुसत्या महिन्याच्या नावावरून ७८ की ७९ हे ठरत नाही. त्यासाठी जंत्री पाहावी लागते. कोणत्या वर्षीची कोणती तिथी कोणत्या तारखेला होती, याचे कोष्टक म्हणजे जंत्री. आपल्या तिथी-घटकाच्या पोटात असे कोष्टक ठेवावे लागेल.

पाहा, एका पत्राच्या जागी दोन पत्रे घेतली आणि घटकाचे खरे रूप उघडे पडले. ज्येष्ठातल्या शंभर तिथ्या घालूनही जे कळले नसते, ते पौषातल्या एका तिथीने कळले. नमुन्यात किती उदाहरणे आहेत, याला फारसे महत्त्व नाही. वर्ष, महिना किंवा नियम जेथे बदलतो, त्या उंबरठ्यावरचे एक तरी उदाहरण त्यात आहे की नाही, हे पाहावे.

वाराची साक्ष

आपल्या करारात वारही सांगायचा आहे. राज्याभिषेकाची तारीख ६ जून १६७४. आजचे संगणकातले बहुतेक तारीख-घटक या तारखेचा वार बुधवार सांगतात. परंतु राज्याभिषेकाच्या त्रयोदशीला शनिवार होता, असे आपला इतिहास सांगतो. मग खोटे कोण? कोणीच नाही!

गंमत अशी आहे, की त्या काळी इंग्रज लोक जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत. ६ जून ही तारीख त्या दिनदर्शिकेची आहे. आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका रोमन कॅथलिक देशांत १५८२ साली सुरू झाली. इंग्लंडने ती १७५२ साली स्वीकारली. त्या वर्षी तेथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला गेला. सतराव्या शतकात दोन्ही दिनदर्शिकांमध्ये १० दिवसांचे अंतर होते. म्हणजे आजच्या पद्धतीने राज्याभिषेकाचा दिवस १६ जून १६७४ होतो, आणि त्या दिवशी शनिवारच येतो.

जावा या संगणकभाषेत दिनदर्शिकेचा एक जुना घटक आहे. १५ ऑक्टोबर १५८२ पासूनच्या सर्व तारखा ग्रेगोरियन आहेत, असे तो सांगितल्यावाचून गृहीत धरतो. हा बदलाचा दिवस आपल्याला हवा तसा नेमून देण्याची सोयही त्यात आहे. पण ही सोय आहे हे वापरणाऱ्याला कळणार कसे? नमुन्यात १६७४ सालची एखादी तारीख असेल तरच! नमुन्यातल्या साऱ्या तारखा चालू वर्षाच्या असतील, तर हा प्रश्न कोणाच्या मनातही येणार नाही.

पानिपतच्या तारखेला मात्र हा घोळ नाही. १७६१ साली इंग्रजांनीही नवी दिनदर्शिका घेतलेली होती. १४ जानेवारी १७६१ चा वार आजच्या पद्धतीने काढला तर बुधवार येतो, आणि पौष शुद्ध अष्टमीलाही बुधवारच होता. म्हणजे वार हा एक साक्षीदार आहे. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले उत्तर जुळले की विश्वास बसतो. जुळले नाही की शोध घ्यावा. चांगल्या नमुन्यात असा एखादा साक्षीदार मुद्दाम ठेवावा.

‘शक’ या शब्दातही एक खाच आहे. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. तिच्यातही शकच आहे, पण तो गुढीपाडव्याला सुरू होत नाही. २२ मार्चला आणि प्लुत वर्षी २१ मार्चला सुरू होतो. तेव्हा तिथी-घटकाच्या करारात ‘शक’ एवढेच लिहून भागणार नाही. कोणता शक, हेही लिहावे लागेल.

‘माहीत नाही’ म्हणता आले पाहिजे

तिसरे पत्र घेऊ. त्यावर केवळ ‘पौष शुद्ध अष्टमी’ एवढेच आहे, वर्ष नाही. जुन्या पत्रांत हे नेहमी आढळते. ज्याला पत्र लिहिले त्याला वर्ष माहीतच होते, मग लिहायचे कशाला!

आता तिथी-घटकाने काय करावे? काही तारीख-घटक अशा वेळी चालू वर्ष घालून मोकळे होतात. काही संगणक-व्यवस्था काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून करतात. त्यांच्यात रिकाम्या जागी ही तारीख उमटण्याचा संभव असतो. पेशवाईतले पत्र सूचीत १९७० सालाखाली दिसले, तर हसू येईल. पण हसू आले तरी बरे. पटण्यासारखे खोटे वर्ष पडले, तर ते कायमचे तेथे राहील.

म्हणून करारात तिसरे उत्तर हवे: ‘वर्ष ठरत नाही.’ हे उत्तर आले की सूची-घटकाने पत्र वेगळ्या ढिगात ठेवावे, आणि दर्शन-घटकाने त्यापुढे ‘अनिश्चित’ असे स्पष्ट मांडावे. घटकाचे अज्ञान शेवटच्या कागदापर्यंत प्रामाणिकपणे पोचले पाहिजे. नमुन्यात असे एक पत्र असणे फार जरूर आहे, कारण नमुना पाहणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी शिकता येतात: घटक अडतो, आणि अडल्यावर कसे वागायचे तेही ठरलेले आहे.

घटक बदलून दाखवा

आतापर्यंत आपण घटकांची परीक्षा पाहिली. चौकटीची परीक्षा अजून राहिली आहे. ती घ्यायची असेल, तर वाचकाच्या डोळ्यांदेखत एक घटक काढून त्या जागी दुसरा बसवावा.

मराठेशाहीतल्या कागदांवर शकाप्रमाणेच शुहूर सनही पुष्कळदा असतो. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याचे वर्ष सुरू होते. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. त्यात एक मौज आहे. वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहितात, आणि तोही एककापासून उलटा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले असेल, तर इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. सारे मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेर या सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतच्या वेळी शुहूर सन ११६१ चालू होता. महिना जानेवारीचा, म्हणून ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. पुन्हा जुळले!

आता शुहूर वाचणारा नवा तिथी-घटक तयार करा आणि चौकटीत बसवा. मग मोजा: पत्र-घटकात काही बदलावे लागले का? सूची-घटकात? दर्शन-घटकात? एकाही ओळीला हात लावावा लागला नाही, तर चौकट चांगली. सूची-घटक अडून बसला आणि तपासात असे दिसले, की तो आतल्या आत शकाचा आकडा वाचून क्रम लावत होता, तर त्याने करार मोडला आहे. नुसता चालणारा नमुना ही चोरी दाखवत नाही. घटक बदलल्यावरच ती सापडते.

नमुन्याची नक्कल होते

नमुना लिहिणाऱ्याने एक गोष्ट कधी विसरू नये. लोक नमुना वाचतात, एवढेच नव्हे, तर तो उचलून आपल्या कामात घालतात. वर्गात फळ्यावर एक गणित चुकीचे सोडवले गेले, तर ती चूक चाळीस वह्यांत उतरते. नमुन्याच्या आज्ञावलीचे तसेच आहे. ‘येथे सोपे करण्यासाठी वर्ष नसलेली पत्रे सोडून दिली आहेत’ असे नमुन्यात असेल आणि ते कोठे लिहिलेले नसेल, तर उद्या एखाद्या खऱ्या सूचीतूनही ती पत्रे गळतील. आणि गळलेले पत्र शोधायला कोणी जात नाही.

नमुना कशासाठी आहे, हेही त्यावर स्पष्ट लिहावे. नाहीतर काय होते याचे उदाहरण २००१ सालचे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने आपली घटक-चौकट कशी वापरावी हे दाखवण्यासाठी ‘पेट स्टोअर’ नावाची नमुना आज्ञावली दिली होती. पाळीव प्राणी विकणारे एक कल्पनेतले दुकान. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान आपल्या चौकटीत पुन्हा लिहिले आणि आमच्या ओळी कितीतरी कमी, आमचा वेगही जास्त, असे जाहीर केले. त्यावर सनच्या बाजूचे म्हणणे असे, की आमचा नमुना रचना शिकवण्यासाठी होता, शर्यतीसाठी नव्हता. या वादात कोण जिंकले, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण शिकवण्यासाठी केलेली वस्तू शर्यतीत पळवली जाऊ शकते, हे लक्षात ठेवावे आणि नमुन्याच्या पहिल्याच पानावर लिहावे: हा कशासाठी आहे, कशासाठी नाही, आणि यात काय सोडून दिले आहे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांनी हा खेळ एका तासिकेत घ्यावा. चार विद्यार्थी चार घटक होतील. बोलायचे नाही, एकमेकांना केवळ चिठ्ठी द्यायची. प्रत्येकाने आपला करार एका कागदावर लिहून समोर ठेवावा. बाकीच्या मुलांनी दहा पत्रे तयार करावीत. त्यांत दोन पौषातली, एक वर्ष नसलेले आणि एक शुहूर सनाचे असावे. तिथी-घटक झालेल्या विद्यार्थ्याजवळ जंत्री नसेल, तर मार्गशीर्ष आणि पौषाच्या पत्रांना त्याने काय उत्तर द्यावे, हे आधी ठरवा. सूची पुरी झाली की तिथी-घटकाच्या जागी दुसरा विद्यार्थी बसवा आणि खेळ पुन्हा घ्या. पहिल्या विद्यार्थ्याला तोंडी विचारून घेतलेल्या, कागदावर न आलेल्या गोष्टी तेव्हा लक्षात येतील. त्या लिहून काढा. तुमच्या करारात नेमके तेवढेच कमी होते.

पुढील प्रश्न घरी सोडवा.

१. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वारले. त्या दिवशी शक कोणता आणि शुहूर सन कोणता होता? शुहूर सन अरबी शब्दांत लिहा. (सलास म्हणजे ३, सबैन म्हणजे ७०.)

२. शके १६८२ मधील माघ महिन्याचे पत्र आणि शके १६८३ मधील चैत्राचे पत्र इसवी सनाच्या एकाच वर्षात येतात की वेगवेगळ्या? कारण द्या.

३. संगणकाच्या अक्षर-क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ च्या लगेच नंतर येते. आपल्या शाळेच्या वर्णमालेत ते कोठे असते? पत्रलेखकांची नावे अकारविल्हे लावणाऱ्या घटकाची परीक्षा घेण्यासाठी कोणती चार नावे निवडाल?

४. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव हा विषय घेऊन नमुन्याची आज्ञावली आखा. तिचे घटक कोणते? त्यातला उंबरठ्यावरचा प्रसंग कोणता? आणि कोणत्या प्रश्नाला घटकाने ‘माहीत नाही’ असे उत्तर द्यावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: शके १६९४; शुहूर सन ११७३, म्हणजे सलास सबैन मया व अलफ. दुसऱ्याचे: एकाच, म्हणजे १७६१ मध्ये, कारण माघाला ७९ मिळवावे लागतात आणि चैत्राला ७८. बाकीच्या दोन प्रश्नांना एकच एक उत्तर नाही. ती आपल्या शिक्षकांना दाखवा आणि त्यांच्याशी चर्चा करा.